सात शिरांचे भेंडे म्हणून घेतलेलं बी

गोव्यातल्या आमच्या घरी सात शिरांच्या भेंड्यांचं, म्हणजे सात कडांच्या गावठी भेंडीचं, बी सासूबाई राखायच्या. चांगल्या झाडावरचे चार-पाच भेंडे तोडायचे नाहीत, तिथेच जून होऊ द्यायचे, मग चुलीवर धुराला टांगायचे आणि मिरगाचा पाऊस पडला की परसात पेरायचे. त्या गेल्या त्या पावसात परसाकडे बघायला कुणाचं मन नव्हतं. तेवढ्या एका वर्षात घरचं बी तुटलं. यंदा मी ठरवलं होतं की गणेश चवथीला भेंडे आपल्या परसातलेच हवेत.

मे महिन्यात एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आला. कापलेल्या भेंड्याची चकती, सात कप्पे सरळ मोजता येत होते. खाली लिहिलं होतं, ‘अस्सल गावठी, जीआय प्रमाणित बियाणं, २० बियांना १५० रुपये, थोडाच साठा’. जीआय म्हणजे एखाद्या ठिकाणच्या खास मालाच्या नावाला मिळणारं भौगोलिक मानांकन. मी तीन पाकिटं मागवली. कुरियर धरून ५१० रुपये गूगल पेने पाठवले. पाकीट म्हणजे झिपची साधी पारदर्शक पिशवी, त्यावर छापलेला तोच फोटो. लॉट नंबर नाही, तारीख नाही, उगवण किती टक्के ते नाही, विकणाऱ्याचा पत्ता नाही. त्या वेळी मला त्यात काही खटकलं नाही. गावठी बी आहे, त्याला कसली चिठ्ठी, असंच वाटलं.

खटकायला हवी होती ती दुसरी गोष्ट. पेरायच्या आदल्या रात्री बिया वाटीत भिजत घातल्या. सकाळी पाणी फिकट गुलाबी झालेलं. एक बी नखावर घेऊन पाहिलं, तर जिथे ती भेंड्याला चिकटलेली असते त्या खाचेत गुलाबी रंग साचून राहिला होता. बाकीची बी राखाडी, स्वच्छ. हा रंग कंपनीच्या बियाण्याला बुरशीनाशक लावताना देतात, ते विषारी आहे हे ओळखू यावं म्हणून. धुरावर वाळवलेल्या घरच्या बियांना तो कुठून येणार? म्हणजे कुणीतरी कंपनीचं बी धुऊन, सुकवून दुसऱ्या पिशवीत भरलं होतं. वाटीतलं पाणी मी तुळशीपाशी ओतलं आणि त्याच हातांनी कणीक मळायला गेले, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. ती वाटी मी फेकून दिली.

तरीही पेरलं. मिरग दारात होता आणि दुसरं बी हातात नव्हतं. ६० बियांतून १४ रोपं आली. प्रमाणित भेंडीच्या बियाण्याची उगवण किमान ६५ टक्के लागते, म्हणजे ६० मधून ३९ यायला हवीत. विकणाऱ्याला विचारलं तर उत्तर आलं, ‘मॅडम, पाऊस जास्त झाला असेल.’ दुसऱ्या मेसेजनंतर त्याने मला ब्लॉक केलं.

पैसे गेले ते गेले, पण खरं नुकसान पुढेच होतं. जुलैअखेरीला फुलं आली, पहिले भेंडे धरले. गडग्यापलीकडची काकी अळूची पानं द्यायला आली होती. तिने एक कोवळा भेंडा बोटांत फिरवला, शिरा मोजल्या. पाचच. आखूड, काळपट हिरवा. ‘हो आमचो भेंडो न्हय गे,’ ती म्हणाली, आणि तिचा चेहरा एकदम बदलला. तिच्या मळ्यात तेव्हा सात शिरांचेच भेंडे फुलावर होते, आमच्या परसापासून तीस पावलांवर. भेंड्याचं फूल बहुतेक स्वतःच फळतं, पण मधमाश्या एका जातीचं पराग दुसरीवर नेतातच. माझ्या रोपांचं पराग तिच्या बियांत उतरलं तर कित्येक वर्षं राखलेलं बी बिघडणार. ‘काडून उडय सगळे,’ काकी म्हणाली. मी त्याच संध्याकाळी चौदाही रोपं उपटली. चवथीला भेंडे काकीकडून आले. तिच्याकडे बी आहे हे मला तोवर माहीत नव्हतं, कारण मी गडग्यापलीकडे कधी विचारलंच नव्हतं.

नंतर विभागीय कृषी कार्यालयात पिशवी घेऊन गेले. तिथे समजलं की ‘जीआय प्रमाणित बियाणं’ असा प्रकारच नाही. सात शिरांच्या भेंड्यांना जीआय मानांकन आहे हे खरं, पण ते त्या नावाला आणि इथे पिकणाऱ्या मालाला आहे. पाकिटातलं बी कसं आहे याची हमी ते देत नाही. प्रमाणित बियाण्याला निळी चिठ्ठी असते, कंपनीच्या स्वतःच्या हमीवर विकल्या जाणाऱ्याला हिरवी. दुकानदाराला परवाना लागतो आणि त्याने बिल द्यायला हवं. शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी द्यायचा-विकायचा हक्क २००१ च्या कायद्याने आहे, मात्र ब्रँड लावून नाही. म्हणून बाजारात गावठी बी विकणारी बाई भेटली तर तिच्यावर उगाच संशय घेऊ नका. तिला गाव विचारा, वाळलेला भेंडा अख्खा आहे का विचारा. अख्खा असेल तर शिरा तिथल्या तिथे मोजता येतात.

आणि कुठलंही बी घ्या, मिरगाच्या पंधरा दिवस आधी त्यातल्या दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. आठवडाभरात सहा-सात तरी मोडावल्या नाहीत तर दुसरं बी शोधायला वेळ उरतो. मला तो उरला नाही.

पिशवीचा फोटो, पैसे पाठवल्याची नोंद आणि सगळे मेसेज जोडून मी ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार केली आहे. पैसे अजून परत आलेले नाहीत. पण परवा एका नातेवाइकाने दुसऱ्या ग्रुपवरची जाहिरात पाठवली. तशीच झिपची पिशवी, तेच ‘जीआय प्रमाणित’, मोबाइल नंबर तोच. या वेळी फोटो आगशी गावच्या वांग्यांचा आहे. पाऊस ओसरला की वांग्याची रोपं करायला सगळेच बी शोधतात, म्हणून आजच लिहिते आहे.