पॉटरी स्टुडिओची शेअर्ड भट्टी: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

घरी चाक आहे, माती आहे, हात बऱ्यापैकी बसलाय, पण भट्टी नाही, अशा माणसासाठी स्टुडिओची फायरिंग सर्व्हिस (आपली भांडी त्यांच्या भट्टीत भाजून घेणं) ही फार मोठी सोय आहे. मी बरेच महिने वापरतेय, बिस्कसाठीही (कच्च्या भांड्याची पहिली भाजणी) आणि ग्लेझसाठीही (काचेसारखा लेप लावून दुसरी भाजणी), आणि पुढेही वापरणार आहे. जॉइन करायच्या आधी लोक साधारण भट्टी केवढी आहे, कंट्रोलर कसला आहे, रेट काय हेच विचारतात. माझ्या मते आधी विचारायची गोष्ट एकच, भट्टी भरतं कोण आणि तो माणूस नोंद ठेवतो का. बाकी सगळं त्याच्यानंतर.

स्वतःची भट्टी घ्यायचा विचार प्रत्येकाच्या डोक्यात येतोच. पण स्टोनवेअरला (जास्त तापमानाला भाजायची माती) पुरेल अशी इलेक्ट्रिक भट्टी म्हणजे वेगळी जाड वायर, वेगळा ब्रेकर, भिंतीपासून मोकळी जागा, आणि व्हेंटिलेशन तर पाहिजेच, कारण बिस्कच्या वेळी मातीतला कार्बन आणि गंधक जळून जो धूर निघतो तो राहत्या घरात नकोच. त्यात घरच्या छोट्या भट्टीलाही भरेल एवढं काम एका माणसाकडून लवकर होत नाही, मग एकतर अर्धी रिकामी चालवा नाहीतर थांबा. थांबायचंच आहे तर स्टुडिओत थांबलेलं काय वाईट.

थांबावं मात्र लागतं हे आधीच मान्य करा. भट्टी पूर्ण भरल्याशिवाय चालवत नाहीत आणि ते बरोबरच आहे. एका फायरिंगचा दिवस जातो आणि थंड व्हायला तेवढाच किंवा त्याहून जास्त वेळ, मग रिकामी करा, शेल्फ साफ करा, परत भरा. त्यात स्टुडिओच्या क्लासचं काम आधी जातं. बिस्क आणि ग्लेझ मिळून माझं भांडं हातात यायला कित्येक आठवडे लागतात आणि क्लासची बॅच संपत आली की अजूनच. कुणाला ठरलेल्या तारखेला गिफ्ट द्यायचं असेल तर या सर्व्हिसच्या भरवशावर शब्द देऊ नका.

कच्चं भांडं नेणं हा एक वेगळाच विषय आहे. बोन ड्राय, म्हणजे पूर्ण वाळलेल्या कच्च्या भांड्यात अजिबात जीव नसतो, कपाचा कान बोटाच्या धक्क्यानेही जातो. मी स्पंजचे तुकडे खोक्यात घट्ट बसवते आणि भांडं कानाला न धरता बुडाखाली हात घालूनच उचलते. जमलं तर लेदर हार्ड, म्हणजे अर्धवट वाळलेल्या अवस्थेतच नेऊन स्टुडिओच्या रॅकवर वाळू द्यावं, प्रवासात ते जास्त सहन करतं. आमच्याकडे तशी परवानगी आहे, सगळीकडे नसते.

आता मुख्य मुद्दा, भरणारी व्यक्ती. आमच्याकडे भट्टी भरणाऱ्या ताई आहेत, त्या प्रत्येक भांडं गालाला लावून बघतात. गार लागलं तर आत ओल आहे, ते बाजूला जातं, मालक कितीही घाईत असू दे. भट्टीत भांडं फुटतं ते हवेच्या बुडबुड्यामुळे असं अजूनही बरेच जण म्हणतात पण खरं कारण पाणी असतं. १०० डिग्रीला पाण्याची वाफ होते, जाड मातीतून तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि भांडं फुटतं. बुडबुडा असला आणि माती पूर्ण कोरडी असली तर सहसा काही होत नाही. म्हणून त्या बिस्कच्या आधी भट्टी कित्येक तास १०० च्या खाली धरून ठेवतात. शेअर्ड भट्टीत हे जास्त महत्त्वाचं अशासाठी की फुटतं एकाचं आणि तुकडे उडतात सगळ्यांच्या भांड्यांत. एकदा त्या सुट्टीवर असताना दुसऱ्या कुणीतरी भरली होती, कुणाची तरी जाड मूर्ती ओली राहिली, आणि माझ्या वाट्यांमध्ये खडे पडले. बिस्क होती म्हणून झटकून निघाले. ग्लेझच्या वेळी भट्टीत असा कण पडला तर तो कायमचा चिकटतो.

दुसरी गोष्ट म्हणजे शेजार. हे मला पुस्तकातून माहीत होतं, प्रत्यक्ष बघायला शेअर्ड भट्टीच लागली. माझ्या एका पांढऱ्या बाउलला एका बाजूने गुलाबी छटा आली, अगदी गालावर लाली यावी तशी. ग्लेझ तेच, बादली तीच, बाकीचे बाउल स्वच्छ पांढरे. ताईंनी भट्टी भरताना घेतलेला शेल्फचा फोटो बघून सांगितलं, शेजारी क्रोम असलेलं हिरवं ग्लेझ होतं. क्रोमची थोडी वाफ होते, ती शेजारच्या टिन असलेल्या पांढऱ्या ग्लेझवर बसते आणि तिथे गुलाबी रंग तयार होतो. तेव्हापासून आमच्या फॉर्मवर ग्लेझमध्ये क्रोम किंवा टिन आहे का असा रकाना आला आणि दोन्ही वेगवेगळ्या शेल्फवर जायला लागले. मला ही गोष्ट फार आवडली. चूक कुणाचीच नव्हती, पण फोटो होता म्हणून कारण सापडलं, आणि कारण सापडलं म्हणून सगळ्यांसाठी नियम झाला. जिथे भरताना फोटो काढत नाहीत तिथे असं काही झालं की उत्तर एकच मिळतं, होतं असं कधीकधी.

कोनबद्दल (भट्टीत भांड्यांशेजारी ठेवायचा छोटा निमुळता सुळका, ठरावीक उष्णता मिळाली की वाकतो; ५, ६, ७ असा नंबर वाढतो तशी उष्णता जास्त लागते) थोडं सविस्तर लिहिते कारण इथेच चांगला स्टुडिओ आणि साधा स्टुडिओ वेगळा कळतो. कंट्रोलरवर १२२० आकडा दिसला म्हणजे कोन ६ झाला असं नसतं. थर्मोकपल, म्हणजे भट्टीतला तापमान मोजणारा सेन्सर, त्याच्या टोकापाशी जे तापमान आहे तेवढंच सांगतो, आणि जुना झाला की तेही नीट सांगत नाही. मातीला आणि ग्लेझला नुसत्या तापमानाशी कर्तव्य नसतं, किती वेळ ती उष्णता मिळाली तेही लागतं. कोन मुळात ग्लेझसारख्याच पदार्थांचा बनलेला असल्यामुळे तो भांड्यांबरोबर तेच सोसतो आणि वाकून दाखवतो. सेगर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८८६ मध्ये जर्मनीत हे काढलं, ऑर्टन नावाच्या सिरॅमिक इंजिनिअरने १८९६ मध्ये अमेरिकेत कोन बनवायला सुरुवात केली, आणि इतके डिजिटल कंट्रोलर येऊनही त्याला पर्याय नाही, हे मला दर वेळी भारी वाटतं.

आमच्याकडे वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी ५, ६ आणि ७ चे कोन ठेवतात. ५ पूर्ण आडवा, ६ छान वाकलेला, ७ जेमतेम हललेला, म्हणजे फायरिंग बरोबर. मधे काही आठवडे खालचा ६ नीट वाकतच नव्हता, म्हणजे खालचा भाग अर्धा-एक कोन थंड राहत होता. त्याच काळात माझ्या काही मगांच्या बुडाला टेबलावर ओलसर गोल उमटायला लागले. भांडं वरून सुंदर, ग्लेझ चमकदार, पण आतली माती पूर्ण पिकलेली नाही, म्हणून पाणी शोषतेय. मी त्याच फायरिंगमधला टेस्टचा तुकडा कोरडा असताना वजन केला, काही तास पाण्यात उकळला, तसाच भिजत ठेवला, पुसून परत वजन केला, आणि वरच्या शेल्फच्या तुकड्यापेक्षा त्याने स्पष्टपणे जास्त पाणी प्यायलेलं. ते आकडे दाखवल्यावर स्टुडिओने खालचं एलिमेंट तपासलं, बदललं, शेवटच्या तापमानाला धरून ठेवायचा वेळही (होल्ड) थोडा वाढवला. आता खालचा कोनही वाकतो. कोन ठेवलेच नसते तर मी माझ्या मातीला किंवा ग्लेझलाच दोष देत बसले असते.

मातीचा नियम कडक आहे आणि तसाच असू द्या. स्टुडिओच्या यादीतलीच माती चालते. सुरुवातीला जाचक वाटतं, पण कमी तापमानाची टेराकोटा चुकून कोन ६ ला गेली तर ती फुगते, वितळते आणि शेल्फवर पसरते, सोबत खालच्या शेल्फवरच्या चार लोकांचं काम जातं. बिस्कच्या वेळी ते भांडं गुण्यागोविंदाने बाहेर येतं, काही कळतही नाही, गडबड होते ग्लेझला. म्हणून पाकीट उघडलं की मातीचं नाव लिहून ठेवा आणि भांड्याच्या बुडावर स्वतःच्या खुणेबरोबर मातीचीही खूण करा.

ग्लेझ ओघळणं हा रोजचा वाद. बुडापासून निदान ५-६ मिलिमीटर जागा कोरी ठेवायची, वाहणारं ग्लेझ असेल तर त्याहून जास्त. शेल्फवर ओघळलं तर घासून काढायचा चार्ज लागतो आणि मला तो योग्य वाटतो कारण ती शेल्फ खरंच घासावी लागते, परत किल्न वॉश (ग्लेझ चिकटू नये म्हणून शेल्फला द्यायचा लेप) लावावं लागतं. नवीन ग्लेझ असेल तर मी खाली वाया गेलेल्या मातीची पातळ चकती ठेवायला देते, ओघळलं तर चकतीवर. आणि दोन ग्लेझ एकावर एक लावली तर ती वेगवेगळी असतात त्यापेक्षा जास्त वाहू शकतात, हे फॉर्मवर लिहाच. भरणाऱ्याला कळलं तर तो ते भांडं सुरक्षित जागी ठेवतो.

पैसे कसे मोजतात ते नीट समजून घ्या कारण त्यावरून तुमचं काम बदलतं. कुठे लांबी, रुंदी, उंची गुणून घनफळावर, कुठे वजनावर, कुठे अख्खी किंवा अर्धी शेल्फ भाड्याने. घनफळात कपाचा कान धरला जातो, म्हणजे कानाशेजारच्या रिकाम्या हवेचेही पैसे. वजनावर असेल तर पातळ चाककाम करणाऱ्याचा फायदा आणि शिल्प करणाऱ्याचं नुकसान. आमच्याकडे घनफळ आहे पण उंचीला किमान मर्यादा आहे, त्यामुळे ताटल्या महाग पडतात, तरी शेल्फ तर ताटलीच अडवते हे मान्य. मी हळूहळू एका उंचीचे मग आणि वाट्या जास्त करायला लागले आणि महिन्यातून एकदा अर्धी शेल्फ घेते, ते सगळ्यात परवडतं. माप कच्च्या भांड्याचं घेतात की ग्लेझची फायरिंग झाल्यावर तेही विचारा, कारण स्टोनवेअर माती ओल्यापासून पूर्ण पिकेपर्यंत साधारण १० ते १३ टक्के आक्रसते आणि घनफळात तो फरक खूप मोठा होतो.

तक्रारी दोन आहेत. एक म्हणजे गर्दीच्या काळात भट्टी लवकर उघडतात. भांडी नीट गार व्हायच्या आधी झाकण फट ठेवून उघडलं की ग्लेझला चिरा पडताना टिंग टिंग आवाज येतो, मोठ्या ताटल्यांना तर आरपार तडा जाऊ शकतो. गरम भांड्यावर थंड हवा सारखी लागत नाही, एक बाजू आधी आकुंचन पावते. मातीतल्या सिलिकाची दोन रूपं, क्वार्ट्झ आणि क्रिस्टोबलाइट, थंड होताना एकदम आकसतात, क्वार्ट्झ ५७३ डिग्रीला आणि क्रिस्टोबलाइट साधारण २२६ ला, म्हणजे २०० च्या आसपासही माती निवांत झालेली नसते. १०० च्या खाली गेल्याशिवाय उघडू नका ही विनंती मी लेखी केली आहे, बहुतेक वेळा पाळतात, सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात नाही.

दुसरी म्हणजे शेड्यूल सगळ्यांचं एकच. लोखंड असलेल्या मॅट आणि क्रिस्टल ग्लेझना उतरताना हळू थंड करावं लागतं, ते रंग खरं तर उतरतानाच घडतात. शेअर्ड फायरिंगमध्ये ते मागता येत नाही कारण तेच थंड होणं दुसऱ्याच्या चकचकीत पारदर्शक ग्लेझला धुरकट करू शकतं. कॉपर रेडचं तर नावच नको, त्याला ऑक्सिजन कमी असलेली गॅसची भट्टी लागते, इलेक्ट्रिकमध्ये तांबं साधारण हिरवंच येतं. आमच्या काही जणांनी मिळून आता वेगळी स्लो कूलिंगची फायरिंग मागितली आहे, भट्टी भरेल एवढं काम आम्ही आणायचं आणि जास्तीच्या तासांचे पैसे वाटून घ्यायचे. ताई तयार आहेत. तुमच्याकडेही अशी मागणी करणारे असतील तर आधी एकमेकांचे टेस्ट टाइल्स एकत्र करून बघा, म्हणजे कुठलं ग्लेझ त्या शेड्यूलला सोसतं ते भांडी घालायच्या आधी कळेल.