जंजिरा की सिंधुदुर्ग? जळगाव-धुळ्याहून निघणाऱ्यांसाठी

दिवाळी आटोपली की आमच्या घरात दरवर्षी एकच विषय निघतो, यंदा समुद्र बघायचा. आणि समुद्र म्हटला की पाण्यातला किल्ला आलाच. आपल्याकडचा लळिंग किल्ला चढून झालेला असतो, पारोळ्याच्या किल्ल्याचा खंदकही पाहिलेला असतो. आई-वडिलांना घेऊन मी जंजिरा आणि सिंधुदुर्ग दोन्ही पाहिले, वेगवेगळ्या वर्षी. परवा मामेभावाने विचारलं, ‘भो, कुठला करू?’

आधी अंतर, कारण आपला निम्मा निर्णय तिथेच होतो. जळगावहून जंजिऱ्याचं मुरूड साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, सिंधुदुर्गाचं मालवण सातशेच्या वर. मुरूड तीन दिवसांत उरकतं. मालवणला पाच दिवस हाताशी नसतील तर जाऊच नका, सगळी सुट्टी गाडीत जाईल. रेल्वेने मात्र मालवण वाटतं तेवढं लांब नाही. भुसावळहून मंगला एक्सप्रेस पनवेलवरून थेट कोकण रेल्वेला लागते. थांबे तिकीट काढतानाच बघून घ्या. नाहीतर ठाण्याला गाडी बदला आणि कुडाळला उतरा, तिथून मालवण तीसेक किलोमीटर.

आता होडी. राजपुरीच्या धक्क्यावरून आम्ही शिडाच्या होडीने जंजिऱ्याला गेलो. बसायला मजा आली, उतरताना तोंडचं पाणी पळालं. होडी दरवाज्याच्या पायऱ्यांशी लागते, पण लाटेबरोबर हातभर वर, हातभर खाली. आईने पदर खोचला आणि पाय उचलला तोच नावाडी ओरडला, ‘आत्ता नको! लाट वर आली की टाका.’ तिसऱ्या लाटेला ती उतरली, दोघांनी दंड धरल्यावर. मालवणची मशीनची होडी दहा-पंधरा मिनिटांत पोहोचवते, आणि तिथे उतरताना असा प्रसंग आला नाही.

किल्ला म्हणून मला जंजिराच जास्त आवडला. अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. आत शिरताना भिंतीवर पंज्यांत हत्ती पकडलेला वाघासारखा प्राणी कोरलाय. बुरुजावर कलाल बांगडी तोफ, आत गोड्या पाण्याचे दोन तलाव, ढासळलेला वाडा. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींनी हा किल्ला शेवटपर्यंत राखला. महाराजांना तो मिळाला नाही, म्हणून त्यांनी समोर पद्मदुर्ग उभारला. संभाजीराजांनी १६८२ मध्ये खाडी बुजवून वाट करायला घेतली, तरी तो पडला नाही. ही गोष्ट डोक्यात ठेवून तटावर उभं राहिलात, तर समोरचं पाणी वेगळं दिसतं.

सिंधुदुर्गाचा पाया १६६४ मध्ये कुरटे बेटावर घातला आणि त्यात शिसं ओतलं. क्षेत्र ४८ एकर, म्हणजे जंजिऱ्याच्या दुपटीहून जास्त. तटाची फेरी तीनेक किलोमीटरची. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवरायांचं मंदिर आहे, चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे आहेत, आणि आजही काही घरं नांदती आहेत. पण वडील अडकले ते विहिरींपाशी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे खारं पाणी आणि मधे गोडं. आमच्या शेतातली विहीर चैत्रातच तळ दाखवते. ते कठड्यावर वाकून बराच वेळ बघत राहिले, मग विचारलं, ‘किती परस असेल?’ परस म्हणजे पुरुषभर खोली. आम्ही निघालो, ते हलेनात.

आणि इथेच खरी अडचण आहे. होडीवाले परतीची वेळ बांधून देतात. आम्हाला जंजिऱ्यावर पाऊण तास मिळाला, सिंधुदुर्गावर तास. ४८ एकर तासात कसले बघता? विहिरीच्या नादात आमचा अर्धा तट राहिला, नावाडी चिडला तो वेगळाच. तिकीट काढण्याआधीच विचारून घ्या की नंतरच्या होडीने परत आलं तर चालेल का. शक्यतो पहिली होडी पकडा.

पावसाळ्यात दोन्हीकडची होडी बंद. मे महिन्यात जाऊ नका. आपल्याकडे ४४ अंशांत घाम जागीच वाळतो, तिथे ३४ मध्ये अंगाला सदरा चिकटतो.

होडीचीच भीती असेल तर अलिबागचा कुलाबा किल्ला आहे, ओहोटीला चालत जाता येतं. कोळ्यांचा हिशोब सोपा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीनला भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीच्या आसपास पाणी नीट हटत नाही, ते दिवस टाळा.

मामेभावाकडे पाच दिवस आहेत आणि मामींचे गुडघे दुखतात. त्याला मालवण सांगितलं. तिकिटं काढून झाल्यावर त्याचा पुन्हा फोन, ‘तिकडे शेवभाजी मिळते का रे?’ म्हटलं, दशम्या बांधून घे.