सगळा कारभार पडद्यावर असलेली गाडी: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

हॉर्न आणि इंडिकेटर सोडले तर जवळजवळ प्रत्येक काम टचस्क्रीनवरून करावे लागते, अशी विजेवर चालणारी गाडी मी गेले काही महिने रोज वापरत आहे. या अनुभवानंतर तिच्या पडद्याबद्दल एकच मत देणे मला शक्य वाटत नाही, कारण गाडी उभी असताना मनापासून आवडणारा हा पडदा गाडी धावू लागली की तितकाच त्रासदायक ठरतो.

आधी गुणांविषयी. नकाशा दोन बोटांनी मोठा करणे, पत्ता लिहिणे, चार्जिंगची वेळ ठरवणे, मागच्या कॅमेऱ्याचे चित्र पाहणे ही कामे बटणांनी इतक्या सहजतेने कधीच झाली नसती. जुन्या रेझिस्टिव्ह पडद्यात दोन थर एकमेकांना टेकेपर्यंत बोट दाबावे लागे आणि बहुतेक पडद्यांना एका वेळी एकच स्पर्श कळे. आजच्या कपॅसिटिव्ह पडद्यात काचेखाली पारदर्शक वाहकाची, बहुधा इंडियम टिन ऑक्साइडची, जाळी असते. बोटामुळे तिथल्या विद्युतक्षेत्रात जो सूक्ष्म बदल होतो तो ती टिपते, त्यामुळे दाब देण्याची गरजच उरत नाही.

अडचण मात्र नेमकी इथेच सुरू होते. दाब लागत नसल्यामुळे बोट बटण शोधत काचेवर फिरवता येत नाही. जिथे टेकले तिथे हुकूम सुटतो. खराब रस्त्यावर हात हलला की ब्लोअरचा वेग वाढवण्याऐवजी तापमान बदलते, आणि काय झाले ते पाहण्यासाठी नजर पुन्हा रस्त्यावरून काढावी लागते. वायपरचा वेगही पडद्यावरच ठरवावा लागतो, म्हणजे ज्या क्षणी समोरचे सर्वांत कमी दिसत असते, त्याच क्षणी खाली पाहावे लागते. मधल्या एका सॉफ्टवेअर अपडेटने काचेवरचे बाष्प घालवण्याचे चिन्ह दुसऱ्या मेन्यूत हलवले, आणि हाताला लागलेली सवय एका रात्रीत निरुपयोगी झाली. खरा नॉब असा रातोरात जागा बदलत नाही. काचेवर उमटणारे बोटांचे ठसे आणि रात्रीचा झगझगाट यांच्याही तक्रारी आहेत, पण त्या किरकोळ.

या तंत्राचा इतिहास पाहिला की हे अनपेक्षित वाटत नाही. ब्रिटनमध्ये ई. ए. जॉन्सन यांनी 1965 मध्ये मांडलेली स्पर्शपडद्याची कल्पना हवाई वाहतूक नियंत्रणासाठी होती आणि 1970 च्या दशकात ‘सर्न’ या युरोपातील भौतिकशास्त्र संशोधन संस्थेने तो कणत्वरकाच्या (अणूहून सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या) नियंत्रणकक्षात आणला, दोन्हीकडे वापरणारा माणूस खुर्चीत बसून पडद्याकडेच पाहत असे. 2007 नंतर हे तंत्र खिशाखिशांत पोहोचले, तेही हातात धरून पाहण्याच्या वस्तूतून. मोटारीत त्याचा प्रवेश मात्र 1986 च्या ब्यूइक रिव्हिएरातच झाला होता आणि काही वर्षांत तो पडदा त्या गाडीतून काढलाही गेला. ‘वी बीलेगारे’ या स्वीडिश मासिकाने 2022 मध्ये ताशी 110 किलोमीटर वेगाने घेतलेल्या चाचणीत ठरावीक चार कामे बटणे असलेल्या 17 वर्षे जुन्या गाडीत 10 सेकंदांत झाली. सर्वांत मागे पडलेल्या नव्या गाडीत त्याच कामांना सुमारे 45 सेकंद लागले. तेवढ्या वेळात ती गाडी 1372 मीटर पुढे गेली होती.

पुढची दिशा त्यामुळे अंशतः मागे वळलेली दिसते. नव्या गाड्यांच्या सुरक्षिततेला गुण देणाऱ्या ‘युरो एनकॅप’ या युरोपीय संस्थेच्या 2026 च्या निकषांत इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांसाठी प्रत्यक्ष खटके किंवा बटणे नसतील तर गुण कमी होतात. फोक्सवॅगननेही आवाज, तापमान, पंखा आणि धोक्याचे दिवे यांची बटणे पुन्हा देण्याचे जाहीर केले आहे. स्पर्शाला कंपनाने उत्तर देणाऱ्या पडद्यांवर मात्र माझा फारसा भरवसा नाही: कंपनामुळे हुकूम पोहोचल्याचे कळते, बोट कुठे आहे ते कळत नाही. आवाजी आज्ञांनी पत्ता शोधणे उत्तम जमते, परंतु पंख्याचा वेग एका पायरीने वाढवण्यासाठी वाक्य बोलणे मला द्राविडी प्राणायाम वाटतो.

अशी गाडी घेण्याचा विचार असेल तर शोरूममध्ये पडद्याचा आकार आणि झळाळी पाहून निर्णय घेऊ नये. चाचणी फेरीत, वाहतूक अगदी कमी असलेल्या रस्त्यावर, काचेवरचे बाष्प घालवणे, वायपरचा वेग बदलणे आणि आवाज कमी करणे एवढी तीनच कामे करून पाहावीत. त्यांपैकी एकासाठीही मेन्यू उघडावा लागला, तर बटणे असलेला पर्याय आधी पाहावा.