लघुपटाच्या चमूसाठी वेंगुर्ल्याजवळचा घरगुती निवास

गेल्या नोव्हेंबरमध्ये आमचा 7 जणांचा चमू लघुपटाच्या चित्रीकरणासाठी वेंगुर्ल्याजवळच्या एका घरगुती निवासात 6 दिवस राहिला. खोल्या स्वच्छ आहेत, जेवण उत्तम मिळते. परंतु स्वतंत्रपणे चित्रपट करणाऱ्यांनी येथे यावे असे मला वाटते, ते यजमानांमुळे.

रोज रात्री आम्ही पडवीत बसून दुसऱ्या दिवसाच्या प्रसंगांचे वाचन करीत असू. तिसऱ्या रात्री सोलकढी वाढता वाढता काकू थांबल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे 'कुठे चाललीस' असं कोणी म्हणत नाही, 'खंय चललंस' म्हणतात." अभिनेत्रीने ते वाक्य त्यांच्याकडून तीनचारदा म्हणवून घेतले आणि पुण्यात बसून लिहिलेला तो प्रसंग त्या क्षणी खऱ्या अर्थाने इथला झाला. रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढून केलेल्या मासेमारीचे, दृश्य आम्ही सलग दोन दिवस, रोज सकाळी 7 वाजता चित्रित करणार होतो. भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते याची काकांनी आठवण करून दिल्यावर छायाचित्रकाराने वेळापत्रक नव्याने आखले, अन्यथा किनाऱ्यावरची पाण्याची रेषा जुळली नसती.

परसातील पंपाची घरघर मात्र ध्वनिमुद्रणात शिरते आणि तिच्यामुळे आमचा एक संपूर्ण संवाद वाया गेला, तेव्हा पंपाच्या वेळा आधीच ठरवून घ्याव्यात. वीज गेल्यावर कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्ज करण्याची सोय नाही. ही उणीव यजमानांनी लवकर दूर करावी.