‘अस्सल अथणी’च्या नावाखाली पुठ्ठा

रेक्झिनची कोल्हापुरी घ्यायला माझी काहीच हरकत नाही. बेळगावच्या गणपत गल्लीत, खडे बाजारात तीनशे-चारशेला मिळते, पावसात भिजली तरी हळहळ वाटत नाही. तक्रार आहे ती तोच माल ‘अस्सल अथणी’ म्हणून, म्हणजे बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीच्या कारागिरांची कातडी कोल्हापुरी म्हणून, अडीच हजाराला गळ्यात मारणाऱ्यांबद्दल.

जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं कोल्हापुरीसारखीच चप्पल दाखवली, बोंबाबोंब झाल्यावर तिचं मूळ भारतातलं असल्याचं मान्य केलं, आणि डिसेंबरात इथल्या कारागिरांकडून 2,000 जोड करून घ्यायचं ठरवलं. किंमत जोडामागं साधारण 800 युरो! तेव्हापासून प्रदर्शनवाल्यांचं फावलंय.

भाच्याच्या लग्नासाठी ताईनं टिळकवाडीतल्या अशाच एका प्रदर्शनात जोड घेतला. मी सोबत होतो. विक्रेता तोंडाचा गोड. “ताई, कारागिराचा माल, मधे दलाल नाही. हात लावून बघा की, किती मऊ! चावणारच नाही.” जोडाला क्यूआर कोडचं कार्ड लटकवलेलं. स्कॅन केलं तर एका म्हाताऱ्या कारागिराचा फोटो उघडला. नाव नाही, गाव नाही. बिल मागितलं तर म्हणे, “प्रदर्शनात कसलं बिल? पक्कं केलं तर वर जीएसटी पडेल.”

लग्न खानापूरला. अक्षता पडायच्या आधीच वळीव पडला. जेवणं उरकेपर्यंत नवरदेवाच्या चपलेचा अंगठा निसटला आणि तळ भिजलेल्या पावासारखा फुगला. स्टँडजवळच्या चांभारमामांनी रापीनं कड उचकटून दाखवली: वर कातड्याचा पापुद्रा, खाली फोम, मधे पुठ्ठा, तळाला रेक्झिन. “टाके नुसते दिसायला घातल्यात बघा. धरलंय सगळं सोल्युशननं.”

पाणी खऱ्या कोल्हापुरीलाही सोसत नाही, हे कबूल. पण ती भिजली तर कडक होते, सुकवून तेल लावलं की पुन्हा चालते. तिचा लगदा होत नाही. बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं, शिवण कातड्याच्याच वादीची, खिळा एकही नाही. नवी असताना ती हमखास चावते. ‘चावणारच नाही’ म्हणणाऱ्याकडून म्हणूनच चार हात लांब राहावं. वरच्या वेणीवर, गोंड्यावर भुलू नका. चप्पल आडवी धरून कड बघा. थर कातड्याचे असतील तर तंतू दिसतात, पुठ्ठा नखानं सुटतो.

आणखी एक. ‘कोल्हापुरी म्हणजे फक्त कोल्हापूरची, म्हणून महाग’ असंही तो विक्रेता दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला सांगत होता. तद्दन खोटं. 2019 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत, तसेच कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड आणि विजापूरही. अथणी, निपाणी आपल्या दारातच आहे. तिथं कारागिराच्या घरी जाऊन माप देता येतं.

कार्डावरचा नंबर बंद लागतो. हॉलवाले म्हणतात, आम्ही फक्त भाडं घेतो. यूपीआयची नोंद होती म्हणून 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार तरी करता आली. पुढं काही हललेलं नाही. तोच स्टॉल आता चिकोडीकडं लागणार असं कानावर आलंय. तिकडचे कोणी असाल तर आधी बिल मागा, मग चपलेला हात लावा.