सहा महिने, दोन चित्रपट-सूच्या आणि कंसातला एक शब्द

आयएमडीबी आणि टीएमडीबी या चित्रपट-मालिकांच्या माहितीच्या दोन ऑनलाइन सूच्या. पहिलीच्या मोफत डेटा-फायली आणि दुसरीचं एपीआय (प्रोग्रामने माहिती मागवायची सोय), दोन्हींचा सहा महिन्यांचा वापर झाला. पोस्टर, रेटिंग, शोध ठीक आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही. गाडी अडते ती एका साध्या प्रश्नावर: या कलाकाराने प्रत्यक्षात किती चित्रपटांत काम केलं?

टीएमडीबीत मुख्य भूमिका, टॉक शोमधली हजेरी आणि माहितीपटात वापरलेलं जुनं चित्रण, सगळं 'कास्ट'मध्येच येतं. फरक कळतो तो फक्त भूमिकेच्या नावातून किंवा त्यापुढच्या कंसातून. त्याला वेगळा रकाना नाही, नुसता मजकूर आहे. म्हणून कलाकार गेल्यावरही त्याच्या 'भूमिका' वाढत राहतात. हे फार खटकतं. इलाज असा: मालिकांमधून आधी टॉक (टीएमडीबीतला प्रकार-क्रमांक 10767) आणि न्यूज (10763) हे प्रकार वगळा. मग भूमिकेच्या जागी 'सेल्फ', 'हिमसेल्फ', 'हरसेल्फ' (म्हणजे कलाकार स्वतः म्हणूनच हजर) असलेल्या नोंदी गाळा. शेवटी जुन्या चित्रणाची खूण म्हणून 'अर्काइव्ह' शोधा, पण 'अर्काइव्ह फुटेज' ही पूर्ण शब्दजोडी नको, शब्दाचा सुरुवातीचा भागच. नाहीतर कुणी 'अर्काइव्हल' लिहिलेलं असलं तर ते निसटतं. भूमिकेचा रकाना रिकामा असलेल्या नोंदी मात्र उडवू नका, त्यात खऱ्या छोट्या भूमिका असतात.

या तुलनेत आयएमडीबीची 'टायटल प्रिन्सिपल्स' फाइल सुरुवातीला फार आवडली. अ‍ॅक्टर, अ‍ॅक्ट्रेस, सेल्फ, अर्काइव्ह फुटेज अशी वर्गवारी स्वतंत्र रकान्यातच मिळते. फाइल टॅबने विभागलेली आहे. वाचताना अवतरणचिन्हांचं विशेष हाताळणं बंद करा, नाहीतर भूमिकांच्या रकान्यातल्या चिन्हांमुळे ओळी एकमेकींत मिसळतात. रिकाम्या जागी उलटी तिरकी रेघ आणि एन असतं. आणि यात प्रमुख नावंच आहेत, पूर्ण श्रेयनामावली नाही, त्यामुळे एकूण आकडा कमीच भरतो.

पण तिसऱ्या महिन्यानंतर मत बदललं. 'टॉय स्टोरी' (1995) बघा. टॉम हँक्सपुढे वर्ग 'अ‍ॅक्टर', भूमिका 'वुडी'. त्याने फक्त आवाज दिला, याचा मागमूस नाही. टीएमडीबीत तोच कंस, ज्याच्यावर इतका राग होता, 'व्हॉइस' असं सरळ सांगतो.

गाणाऱ्यांचं तर आणखी बिकट. 'माय फेअर लेडी' (1964) मध्ये ऑड्री हेपबर्नच्या बहुतेक गाण्यांना मार्नी निक्सनचा आवाज आहे, पण पडद्यावर निक्सनचं नाव नव्हतं. अशा नोंदीला 'गाण्याचा आवाज' आणि 'श्रेय न दिलेलं' या दोन खुणा लागतात. 'श्रेय न दिलेलं' म्हणजे नामावलीत नाव नाही एवढंच, काम किरकोळ होतं असं नव्हे. म्हणून ही नावं सरसकट गाळणं मला अन्याय वाटतो.

सध्या जमलेली पद्धत: टीएमडीबीकडून 'एक्सटर्नल आयडी' (इतर सूच्यांतले क्रमांक) मागवून 'टीटी'ने सुरू होणारा आयएमडीबीचा क्रमांक घ्या, त्यावर दोन्ही याद्या जोडा. वर्ग आयएमडीबीचा, कंस टीएमडीबीचा. दोघांत मेळ नसेल त्या ओळी वेगळ्या काढून हातानेच तपासा. आयएमडीबीच्या फायली वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापरापुरत्याच आहेत.