घोरणं: कूस, पट्टी, जबड्याचा साचा की मशीन?

मे महिन्यात नागपुरात घोरणाऱ्याचं फावतं, कूलरच्या आवाजात सगळं दबून जातं. कूलर झाकून ठेवले की घरात तक्रारी सुरू. उपायावर पैसे घालण्याआधी शेजारी झोपणाऱ्याला विचारा: आवाज मध्येच बंद पडून मग गुदमरल्यासारखा श्वास ओढला जातो का? तसं असेल, दिवसा पेंग येत असेल, बीपी असेल किंवा मान १७ इंचांहून जाड असेल, तर स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडण्याच्या आजाराची, शंका धरा आणि आधी झोपेची तपासणी करून घ्या. श्वासात तासाला पाचच्या आत अडथळे निघाले तर नुसतं घोरणं. तीसच्या वर गेले तर आजार गंभीर.

नुसतं घोरणं असेल तर कुशीवर झोपणं फुकट आहे. उताणं झोपलं की जीभ आणि मऊ टाळू मागे पडतात, वाट अरुंद होते. टी-शर्टच्या पाठीला टेनिसचा चेंडू शिवायची जुनी युक्ती चालते, पण लोक कंटाळतात. पाठीशी लोड बरा. मात्र सावजीच्या जेवणाआधी दोन पेग झाले असतील तर कूसही हरते, कारण दारूने घशाचे स्नायू सैल पडतात.

नाकावरची पट्टी सगळ्यांना लागू पडत नाही. गाल बोटाने बाजूला ओढून बघा. श्वास मोकळा वाटला तरच घ्या. कूलरच्या कुबट ताट्यांनी नाक चोंदत असेल तर आधी ताट्या बदला ना भाऊ! तोंडाला टेप लावायचं सध्याचं खूळ चोंदलेल्या नाकावर तर करूच नका.

खरा पेच जबड्याचा साचा की सीपॅप मशीन, हा. साचा दातांचे डॉक्टर माप घेऊन बनवतात. तो खालचा जबडा पुढे धरून ठेवतो. खिशात मावतो, वीज लागत नाही, सौम्य-मध्यम त्रासात चांगला. पण दात मजबूत हवेत, सुरुवातीला लाळ गळते, जबडा दुखतो, पुढे दातांची ठेवणही थोडी सरकू शकते. सीपॅप मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं. १९८१ पासून ते वापरात आहे आणि गंभीर ॲप्नियात त्याच्या तोडीचं काही नाही. अडचण सवयीची. मास्क टोचतो, लाइट गेली की बंद, किंमतही हजारांत. म्हणून विकत घेण्याआधी काही दिवस भाड्याने मिळतं का ते बघा. माझं मत विचाराल तर तपासणीत आकडा मोठा आला असताना लाजेपोटी साचा निवडणं चूक. प्रवास फार आणि त्रास सौम्य असेल, तर साचाच.

वजन उतरवणं या सगळ्यांच्या जोडीला हवंच. ऑपरेशन शेवटी, टाळूच्या ऑपरेशननंतर काहींचं घोरणं परत येतं, आणि नाकाचा वाकडा पडदा सरळ केला तरी घोरणं थांबेलच असं नाही.

लहान मूल रोज घोरत असेल तर यातलं काहीच करू नका. टॉन्सिल आणि ॲडेनॉइडसाठी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.